बंदुकीच्या गोळीचें वजन : एका चिठ्ठीची दुरुस्ती

सुमारें वीस वर्षांपूर्वीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें खडकीच्या माळावर सांपडलेली म्हणून एक शिशाची गोळी आम्हांस आणून दिली. तिचें तोंड मार लागून चेपलें होतें, बूड मातीनें भरलें होतें व सर्वांगावर पांढुरकी पुटें चढलीं होतीं. खडकीचें नांव ऐकतांच आमचें मन ५ नोव्हेंबर १८१७ या दिवसाकडे धांवलें आणि आम्हीं अधिक विचार न करितां तिच्या डबीवर "खडकीची लढाई, कंपनीच्या पायदळाची गोळी" अशी चिठ्ठी लावून टाकली. गोळी मुळांत वाटोळी असावी व आघातानें लांबट झाली असावी, अशी आम्हीं स्वतःची समजूत घातली. त्या समजुतीवर पुढें दोन व्याख्यानांत ती डबी श्रोत्यांपुढें फिरविली, हेंही येथें कबूल केलें पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यांत संग्रह नव्यानें लावीत असतां घरांतील जुना सोनाराचा कांटा हातीं लागला आणि सहज म्हणून ती गोळी तोलून पाहिली. भरली दोन तोळे अकरा मासे आणि वर थोडें. येथेंच आम्हीं अडखळलों. कंपनीच्या पायदळाजवळ त्या काळीं जी गुळगुळीत नळीची गारेची बंदूक असे, तिची वाटोळी गोळी सुमारें ४९० ग्रेन भरे. इंग्रजी राजवटींतील तोळा १८० ग्रेनांचा व मासा १५ ग्रेनांचा. म्हणजे ती गोळी दोन तोळे पावणेनऊ मासे यांच्या आंतच राहावयास हवी. मार लागून शिसें चेपतें, पण वाढत नाहीं. पुटांचा भार धरला तरी अडीच माशांची तूट त्यानें भरून निघेना. मग सुईनें बुडांतील माती हळूहळू कोरून काढली, तेव्हां आंत निमुळता पोकळ कोनाडा दिसला. वाटोळ्या गोळीस असा कोनाडा असणें शक्य नाहीं. चिठ्ठी खोटी ठरली.

चूक कळली खरी, परंतु त्यापुढील प्रश्नानें आम्हांस कित्येक महिने गुंतवून ठेविलें. गोळीचें वजन कोण ठरवितो आणि कशावरून ठरवितो? आमच्या संस्कृताच्या संवयीप्रमाणें आम्ही प्रथम शुक्रनीतीकडे वळलों. तींत नालिकास्त्राचें प्रकरण आहे व लहान नालिकेस शिशाची गोळी सांगितली आहे. परंतु त्या प्रकरणाच्या प्राचीनत्वाविषयीं विद्वानांनीं जी जबर शंका घेतली आहे ती आम्हांस योग्य वाटते, आणि आमच्या प्रश्नाचें उत्तर तेथें नव्हतेंच. उत्तर सांपडलें तें युरोप व अमेरिका येथील रायफलींच्या इतिहासांत. जुन्या गोळ्या ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस तें उपयोगी पडेल, म्हणून येथें मांडतों.

आरंभ बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणित्यापासून करावा लागतो. त्याचा 'न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी' हा ग्रंथ १७४२ मध्यें प्रसिद्ध झाला व तीनच वर्षांनीं ऑयलरनें त्याचें जर्मन भाषांतर स्वतःच्या टीकेसह काढलें. मूळ ग्रंथ लहान व टीका मोठी, हा प्रकार आमच्या शास्त्रग्रंथांच्या वाचकांस नवा वाटणार नाहीं. रॉबिन्सनें एक जड ठोकळा लंबकाप्रमाणें टांगला, त्यांत गोळी मारली आणि लंबक किती मागें झुलला यावरून गोळीचा वेग काढला. ठोकळा जवळ व दूर ठेवून मोजतां मोजतां त्याला असें आढळलें कीं, वेगानें जाणाऱ्या गोळीस हवा जो विरोध करते तो क्षुल्लक नसून गोळीच्या स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट असतो. तोंवर तोफखान्याचे पंडित गोळीचा मार्ग जणूं निर्वात पोकळींतून जातो असें धरून आकृत्या काढीत असत. पुढें कंपनीनें रॉबिन्सला आपला मुख्य एंजिनिअर नेमून हिंदुस्थानांत पाठविलें. कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथें २९ जुलै १७५१ रोजीं त्याचा अंत झाला. ज्याच्या शोधावर पुढील दोन शतकांची बंदूक उभी राहिली तो मनुष्य आमच्याच देशाच्या मातींत मिळाला, ही गोष्ट आम्हांस फार उशिरां कळली.

रॉबिन्सच्या शोधांतून वजनाचा प्रश्न असा निघतो. हवेचा विरोध गोळीच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर, पडतो. आणि विरोधास न जुमानतां पुढें जाण्याची शक्ति वजनावर अवलंबून असते. गोळी वाटोळी असेल तर वजन वाढविण्यास व्यास वाढविणें भाग पडतें, आणि व्यास वाढला कीं विरोधही वाढतो. तेव्हां एकच वाट उरते : व्यास तोच ठेवून गोळी लांब करावयाची. परंतु लांब गोळी गुळगुळीत नळींतून सोडली तर ती हवेंत कोलांट्या घेते. तिला सरळ ठेवावयाची तर भोंवऱ्याप्रमाणें फिरविली पाहिजे आणि त्यासाठीं नळींत मळसूत्री खाचा हव्यात. रॉबिन्सनें १७४७ मध्यें रॉयल सोसायटीपुढें अशा खाचांच्या नळीवर निबंध वाचला होता व अंड्याच्या आकाराच्या गोळीची सूचनाही केली होती. सूचना शंभर वर्षें तशीच पडून राहिली. कारण लांब गोळी खाचांत घट्ट बसेल अशी करावी तर तोंडानें भरतांना ती ठोकून घालावी लागे, आणि सैनिकास लढाईंत तेवढी सवड कोठली?

ही अडचण फ्रेंच कॅप्टन मिनिए याच्या १८४९ च्या गोळीनें दूर केली. गोळी नळीहून किंचित बारीक, बुडाशीं पोकळ. दारू पेटली कीं बूड फुगून खाचांत बसे. आमच्या डबींतील कोनाड्याचें कूळ हें. इंग्रजांनीं १८५१ मध्यें ती घेतली तेव्हां नळी ०.७० इंचाची व गोळी ६८० ग्रेनांची, म्हणजे जवळजवळ पावणेचार तोळ्यांची होती. दोनच वर्षांनीं एन्फील्डची ०.५७७ इंचाची रायफल आली व गोळी ५३० ग्रेनांवर उतरली. सैनिकाच्या कमरेच्या साठ गोळ्या धरल्या तर एवढ्या बदलानें सव्वा पौंडाहून अधिक ओझें कमी झालें. वजन ठरवितांना गणिताआधीं सैनिकाच्या कमरेचा विचार झाला, हें लक्षांत ठेवावें.

५३० ग्रेन म्हणजे दोन तोळे अकरा मासे व एक तृतीयांश. आमच्या कांट्याचा आंकडा हाच. तेव्हां आमची गोळी एन्फील्डची. १८५३ पूर्वीं ती जगांत असूं शकत नव्हती. खडकीस १८१७ नंतर इंग्रजांची मोठी छावणी वसली. तेथील चांदमारींत उडविलेली व पावसानें उघडी पडलेली ही गोळी असावी. पेशव्यांच्या सैन्याशीं तिचा कांहीं संबंध नाहीं.

आतां खरा मौजेचा भाग. १८५४ मध्यें इंग्रज सेनापति लॉर्ड हार्डिंज यानें मँचेस्टरचा यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यास एन्फील्डच्या नळ्या यंत्रानें कशा कराव्या हें विचारलें. व्हिटवर्थ बंदुकवाला नव्हता, आणि हेंच त्याच्या पथ्यावर पडलें. त्यानें सांगितलें कीं नळी कशी करावयाची याआधीं ती कशी असावी हें ठाऊक पाहिजे. त्यासाठीं त्यानें आपल्या रशोम येथील घराजवळ ५०० वार लांबीची बंद वीथिका बांधविली व तींत अंतराअंतरानें पातळ कागदाचे पडदे लावून गोळीचा प्रत्येक टप्पा छिद्रांवरून तपासला. अनेक प्रयोगांअंतीं त्यानें निवडलें तें असें : गोळीचें वजन एन्फील्डइतकेंच, ५३० ग्रेन, परंतु नळी ०.४५ इंचाची व षट्‌कोनी. त्यामुळें गोळी व्यासाच्या सुमारें तिप्पट लांब झाली. एन्फील्डच्या नळींतील खांच ७८ इंचांत एक फेरा घेई, तर व्हिटवर्थनें २० इंचांत एक फेरा ठेविला.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. वजन तेंच आणि दारूही जवळजवळ तेवढीच. फरक काय तो घेराचा व फिरकीचा. गोळीचें वजन पौंडांत घेऊन इंचांतील व्यासाच्या वर्गानें भागिलें तर जो अंक येतो त्यास आपण 'भारांक' म्हणूं. कंपनीच्या वाटोळ्या गोळीचा भारांक सुमारें ०.१५, एन्फील्डचा ०.२३ व व्हिटवर्थचा ०.३७ येतो. एप्रिल १८५७ मध्यें हाइथ येथील लष्करी शाळेंत दोन्ही रायफलींची परीक्षा झाली. ५०० वारांवर एन्फील्डची सरासरी चूक २.२४ फूट, व्हिटवर्थची ०.३७ फूट. ११०० वारांवर एन्फील्डची ८.०४, व्हिटवर्थची २.६२. १४०० वारांवर व्हिटवर्थची चूक ४.६२ फूट होती आणि एन्फील्डची एकही गोळी निशाणास लागली नाहीं. याच वसंतांत, याच एन्फील्डच्या काडतुसांवरून बराकपुरास वणवा पेटला होता. इंग्लंडांत तिच्या नेमाची परीक्षा व इकडे तिच्या चरबीची, हा योग इतिहासांत विलक्षण म्हटला पाहिजे.

इतका उघड विजय होऊनही लष्करानें व्हिटवर्थची रायफल सर्वांस दिली नाहीं. अरुंद नळी दारूच्या काजळीनें लौकर भरे, ती महाग पडे आणि ०.४५ इंच व्यास लढाईस फार लहान असें मत पडलें. मात्र निशाणबाजांनीं तिला डोक्यावर घेतलें. १८६० च्या जुलैंत विंबल्डन येथें नव्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या मेळ्याचें उद्घाटन व्हिक्टोरिया राणीनें केलें, तें ४०० वारांवर घट्ट बसविलेल्या व्हिटवर्थ रायफलीची दोरी ओढूनच. गोळी मध्यापासून दीड इंचाच्या आंत लागली.

लांब गोळीस किती फिरकी हवी, हें व्हिटवर्थनें प्रयोगानें शोधलें. त्याचें सूत्र जॉर्ज ग्रीनहिल यानें १८७९ मध्यें बसविलें : व्यासाच्या वर्गास १५० नें गुणावें व लांबीनें भागावें, म्हणजे एका फेऱ्यास लागणारे इंच येतात. व्हिटवर्थची गोळी यांत घालून पाहतां साडेबावीस इंच येतात. त्यानें वीस ठेविले होते. सूत्राच्या वीस वर्षें आधीं कारागिराचा हात तेथें पोहोंचला होता. या सूत्राचा अर्थ निवड करणाऱ्यास फार महत्त्वाचा आहे. वाटेल तेवढी जड गोळी वाटेल त्या बंदुकींत घालतां येत नाहीं. नळी एकदां कातली कीं तिनें कमाल लांबी, व म्हणून कमाल वजन, ठरवून टाकलेलें असतें. मर्यादेबाहेरची गोळी डगमगते व निशाणाच्या कागदांत आडवी घुसून लांबट भोंक पाडते.

या विद्येंतील दुसरा मोठा पुरुष विल्यम एलिस मेटफर्ड. हाही १८५७ मध्यें रेल्वेचा एंजिनिअर म्हणून मोंगीरास आला, त्या धामधुमींत तेथील बचावांत त्यानें भाग घेतला आणि प्रकृति ढांसळून वर्षभरांत परत गेला. त्यानें उथळ खाचा व कथील मिसळून कठीण केलेली गोळी यांचा मेळ घातला, त्यामुळें लांब गोळी भरणें सोपें झालें. व्हिटवर्थचा ०.४५ इंच व्यास अखेर १८७१ च्या मार्टिनी-हेन्रीनें लष्करांत आणला. तिची गोळी ४८० ग्रेन, म्हणजे बरोबर दोन तोळे आठ मासे.

वजनाची सर्वांत सरळ कसोटी मात्र अमेरिकनांनीं लावली. त्यांची ०.४५ इंची स्प्रिंगफील्ड ४०५ ग्रेनांची गोळी फेंकी. १८७९ मध्यें न्यू जर्सीतील सँडी हुकच्या वाळूच्या किनाऱ्यावर तिच्या शेजारीं त्याच व्यासाची ५०० ग्रेनांची गोळी जादा दारूनिशीं उडवून पाहण्यांत आली. भारांक ०.२८ वरून ०.३४ वर गेला. जड गोळी ३००० वारांपलीकडेही तोंडावरच उतरून फळ्यांत शिरे, आणि १८८१ मध्यें पायदळास ५०० ग्रेनांची गोळी मिळाली. घोडेस्वारांच्या आंखूड बंदुकीस ४०५ चीच ठेविली, कारण हलक्या बंदुकींतून जड गोळीचा धक्का खांद्यास सोसवेना. गणित एकच, पण खांदे दोन प्रकारचे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग जड तेवढें चांगलें. आमचाही प्रथम असाच ग्रह झाला होता. परंतु पुढची हकीकत त्याच्या उलट जाते. १८८० नंतरच्या दशकांत बिनधुराची दारू निघाली, वेग वाढला व व्यास तिसऱ्या हिश्शानें घटला. इंग्रजांची १८८८ ची ०.३०३ इंची ली-मेटफर्ड २१५ ग्रेनांची गोळी घेऊन आली. तीमधील मेटफर्ड म्हणजे तोच मोंगीरचा. ही गोळी एक तोळा सव्वादोन माशांची असूनही तिचा भारांक ०.३२, म्हणजे दुपटीहून जड असलेल्या एन्फील्डच्या गोळीपेक्षां पुष्कळच वरचा होता. यानंतर १९०५ मध्यें जर्मनांनीं आपली २२७ ग्रेनांची बोथट गोळी टाकून १५४ ग्रेनांची टोंकदार घेतली. अमेरिकेनें १९०६ मध्यें २२० वरून १५० वर उडी घेतली. इंग्रजांनीं १९१० मध्यें २१५ वरून १७४ वर, म्हणजे तोळ्याच्या किंचित आंत. सर्वच राष्ट्रें एकदम हलकीं कां झालीं?

कारण असें. जड गोळी सावकाश निघते व उंच कमान घेऊन जाते. चांदमारींत अंतर वारांनीं मोजलेलें असतें, तेव्हां कमान उंच असली तरी निशाणदर्शक तेवढा चढविला कीं झालें. रणांगणावर अंतर डोळ्यांनीं अजमावावें लागतें, आणि उंच कमानींत शंभर वारांची चूक झाली तर गोळी शत्रूच्या डोक्यावरून तरी जाते किंवा पायापुढें तरी पडते. हलकी, टोंकदार गोळी वेगानें सपाट जाते. पहिल्या पांचसहाशें वारांत अजमावणीची चूक ती पोटांत घालते. त्यापलीकडे मात्र भारांक आपला हक्क वसूल करतो. हलकी गोळी वेग लौकर गमावते, आणि वाराही तिला अधिक ढकलतो. वाऱ्यानें गोळी किती सरकते हें केवळ ती किती वेळ हवेंत होती यावर नसतें. हवेच्या विरोधामुळें तिला पोहोंचण्यास किती उशीर झाला यावर असतें. म्हणून आरंभीं मागें असणारी जड गोळी हजार वारांवर पुढें निघते.

याचा अनुभव अमेरिकनांस १९१८ च्या सुमारास महागांत आला. १५० ग्रेनांची गोळी ४७०० वार जाईल या हिशोबावर यंत्रबंदुकींचा दूरचा मारा आंखला होता. प्रत्यक्षांत ती ३४०० च्या आसपास संपे. जर्मनांनीं याच कामासाठीं युद्धांतच १९८ ग्रेनांची, शेंपटाशीं निमुळती केलेली गोळी काढली होती. निमुळत्या शेंपटाची कल्पना फ्रेंचांच्या १८९८ च्या पितळी गोळींत आधींच आली होती. अमेरिकनांनीं १९२६ मध्यें सुमारें १७२ ग्रेनांची निमुळत्या शेंपटाची गोळी घेतली व तिचा पल्ला ५५०० वारांपर्यंत गेला. मग जें झालें तें वाचून आम्हांस हंसूं आलें. तो पल्ला इतका होता कीं त्यांच्या कित्येक चांदमारींच्या हद्दी त्यास पुऱ्या पडेनात, आणि १९४० च्या सुमारास ते पुन्हां १५० ग्रेनांवर आले! गोळीचें वजन ठरविणाऱ्यांत गणिती, कारागीर, खांदा, कंबर यांच्या जोडीला कुंपणही येतें, हें आमच्या ध्यानांत आलें नसतें.

आजचे हजार वारांचे निशाणबाज ०.२६४ इंचाच्या बारीक नळींतून १४० ग्रेनांची गोळी आवडीनें वापरतात. तिचा भारांक सुमारें ०.२९ येतो व फिरकी आठ इंचांत एक फेरा. वजन व्हिटवर्थच्या जवळजवळ चौथाईवर आलें, पण विचार व्हिटवर्थचाच आहे : आधीं घेर, मग लांबी, मग फिरकी, आणि वजन या तिहींच्या पोटीं.

संग्राहकांसाठीं दोन गोष्टी विशेष सांगावयाच्या आहेत. एन्फील्डच्या गोळीचा व्यास आरंभीं ०.५६८ इंच होता. भरतांना ती अडकते म्हणून १८५९ च्या सुमारास तो ०.५५ करण्यांत आला, वजन मात्र ५३० च राहिलें. तेव्हां न चेपलेली गोळी मिळाल्यास कांट्याबरोबर मापकही लावावें. त्यावरून काळ आणखी आंवळतां येतो. दुसरी गोष्ट इंग्रजांच्या १९१० च्या गोळीची. तिच्या टोंकांत शिसें नसून बहुधा ॲल्युमिनियम असतें, त्यामुळें ती लांबीच्या मानानें हलकी भरते. नुसती लांबी पाहून वजनाचा अदमास करणारा येथें हटकून फसेल.

खडकीच्याच माळावरच्या आणखी दोन गोळ्या आमच्या डबींत होत्या. कांट्यावर दोन्ही दोन तोळे आठ मासे भरल्या, रतिभराचा फरक नाहीं. पूर्वींच्या संवयीनें आम्हीं त्या एकाच बंदुकीच्या ठरविल्या असत्या. पण एकीचा घेर एन्फील्डसारखा रुंद आहे, बूड खोल पोकळ आहे व टोंकाच्या आंतही पोकळी आहे. ती एन्फील्डला मागून भरण्याची सोय करून १८६६ नंतर जी स्नायडर रायफल झाली तिची. दुसरी ०.४५ इंचाची, लांब व भरीव, ती मार्टिनी-हेन्रीची. तिन्ही गोळ्यांच्या चिठ्ठ्या आतां बदलल्या आहेत. पहिलीवर "एन्फील्ड, १८५३ नंतर, खडकी चांदमारी, २ तोळे ११ मासे" असें लिहून जुनी चिठ्ठी आम्हीं तिच्याखालींच ठेविली आहे.